चाकातली वीज, पिशवीतली बॅटरी

जून 2010 मध्ये नोकिया कंपनीने नैरोबीत एका छोट्याशा संचाची घोषणा केली. टायरला घासून फिरणारा डायनामो, त्याला जोडलेला चार्जर आणि हँडलवर फोन बसवायची सोय, एवढंच त्यात होतं. किंमत पंधरा युरोंच्या आसपास. केनियात तेव्हा गावोगाव मोबाइल पोहोचला होता, पण विजेचे खांब पोहोचले नव्हते. सायकल मात्र खेड्यापाड्यांत सर्रास होती. ताशी 10 किलोमीटरने 10 मिनिटं सायकल चालवली की 28 मिनिटं बोलण्यापुरती वीज फोनमध्ये जाते, असं कंपनीचं सांगणं होतं. त्या काळच्या साध्या फोनची बॅटरी जेमतेम तीन-साडेतीन वॉट-अवरची असे, म्हणून एवढ्याशा विजेतही काम भागे.

आता खिशातल्या स्मार्टफोनची बॅटरी 5,000 एमएएचची, म्हणजे साधारण 19 वॉट-अवरची असते. लांबच्या सायकल सफरीवर निघालेल्या माणसाचा फोन दिवसभर राबत असतो. नकाशा तो दाखवतो, गेलेल्या वाटेची नोंद तो ठेवतो, फोटो तो काढतो, टपरीवरच्या चहाचे पैसेही त्याच्यातूनच जातात आणि रात्रीच्या मुक्कामाची खोलीही त्याच्यावरूनच ठरते. शिवाय बरोबर मागचा लाल दिवा, डोक्याचा टॉर्च, सायकल कॉम्प्युटर, एखाद्याचा कॅमेरा. एवढ्या सगळ्यांचं पोट सायकलच्या चाकावर भरता येतं का? बऱ्याच अंशी येतं. मात्र चाक आणि फोन यांच्यामध्ये पॉवर बँक असावी लागते. ती का, हे समजण्यासाठी आधी डायनामोचा स्वभाव ओळखायला हवा.

साठ-सत्तरच्या दशकांत पुण्यात किंवा सांगलीत सायकल चालवलेल्यांना टायरला टेकवायचा तो बाटलीच्या आकाराचा डायनामो आठवत असेल. खटका दाबला की त्याचं दातेरी डोकं टायरला चिकटायचं, घुर्र आवाज सुरू व्हायचा आणि पायडल जड व्हायचं. पावसात टायर ओला झाला की डोकं घसरायचं आणि नेमका अंधाऱ्या बोळात दिवा मंद व्हायचा. फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलेलंच तत्त्व त्यात होतं: तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक फिरला की तारेत वीज उत्पन्न होते. दोष तत्त्वात नव्हता. रबरावर धातू घासून चुंबक फिरवण्याच्या पद्धतीत होता. घर्षणात आणि टायर दाबला जाण्यात पायांची बरीच मेहनत वाया जाई.

हे घासणं टाळायचं तर डायनामो चाकाच्या मध्यभागी, हबमध्येच बसवायला हवा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने 1930 च्या दशकात तसा ‘डायनोहब’ काढला आणि तो पुढची अनेक दशकं विकला. त्याची वीज कमी होती आणि वजन बरंच होतं, पण कल्पना पक्की होती. तिला आजचं रूप आलं ते जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावात. विल्फ्रीड श्मिट यांनी 1990 च्या दशकात ‘एसओएन’ हा हब डायनामो बाजारात आणला. कमी ओढ, उत्तम बेअरिंग आणि वर्षानुवर्षं न उघडता चालण्याची हमी यांमुळे जगभर भटकणाऱ्या सायकलस्वारांनी तो उचलून धरला. पुढे जपानच्या शिमानोने आणि तैवानच्या शटर प्रिसिजनने कमी किमतीचे हब काढले.

जर्मनीतच हे घडण्यामागे तिथला वाहतुकीचा कायदा होता. 2013 पर्यंत तिथे बहुतेक सायकलींना डायनामोचा दिवा सक्तीचा होता आणि त्याचं मापही ठरलेलं होतं: ताशी 15 किलोमीटर वेगाला 6 व्होल्ट आणि 3 वॉट. नियम दिव्यासाठी होता. फोन चार्ज करण्याची कल्पना तो नियम झाला तेव्हा कोणाच्या मनातही नव्हती. तरी आज जगात कुठेही हब डायनामो घेतला, तरी तो बहुधा याच मापाचा असतो. म्हणून सफरीचा सगळा हिशोब या 3 वॉटपासून सुरू होतो.

6 व्होल्टला 3 वॉट, म्हणजे अर्धा अँपियर. हा अर्धा अँपियर या यंत्राच्या स्वभावातच आहे. चाक जोरात फिरलं की वेटोळ्यात व्होल्टेज वाढतं, पण विजेची दिशाही तितक्याच भराभर उलटसुलट होऊ लागते. वेटोळं या उलटापालटीला विरोध करतं आणि वेगाबरोबर तो विरोधही वाढतो. दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्याच प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपियरच्या आसपासच अडून राहतो. जुन्या काळी याचा मोठा फायदा होता, कारण उतारावर सायकल कितीही सुसाट सुटली तरी दिव्याची तार जळत नसे. फोन चार्ज करणाऱ्याला मात्र हीच मर्यादा नडते. यूएसबीला 5 व्होल्ट लागतात. साध्या चार्जरने अर्धा अँपियर 5 व्होल्टला घेतला तर हाती अडीच वॉट येतात, मग वेग 18 असो की 35. काही चार्जर हुशारीने जास्त व्होल्टेज वर चढू देतात, त्यातून जास्त शक्ती ओढतात आणि नंतर ती 5 व्होल्टवर उतरवतात. त्यांना ताशी 25 किलोमीटरच्या पुढे 4-5 वॉटही मिळू शकतात. पण भरल्या पिशव्यांनिशी दिवसभर तो वेग ठेवणारा सफरी विरळा.

चार्जरचं काम थोडक्यात असं: डायनामोची उलटसुलट वीज एका दिशेची करायची, कपॅसिटरमध्ये तिचे हेलकावे शांत करायचे आणि 5 व्होल्टवर स्थिर करून यूएसबीच्या तोंडाशी आणून द्यायची. जर्मन कंपनी बुश अँड म्युलरचा ‘ई-वेर्क’, हँडलखालच्या नळीत दडून बसणारा ‘प्लग फाइव्ह’, अमेरिकेतला ‘साइनवेव्ह रिव्हॉल्यूशन’ ही या प्रकारातली नावाजलेली उपकरणं. काही पुढच्या दिव्यांमध्येच यूएसबीची जागा दिलेली असते.

आता फोन थेट या तोंडाला लावून पाहू. सपाट रस्ता, ताशी 18 चा वेग, फोन चार्ज होऊ लागतो. पुढे गाव येतं, गतिरोधक येतो, म्हशी आडव्या येतात आणि वेग 8 वर येतो. वीज तुटते. फोनला वाटतं कोणी पिन काढली, म्हणून तो पडदा उजळवून कळवतो. सायकल पुन्हा पळू लागते, पिन लागली म्हणून पडदा पुन्हा उजळतो. बाजारपेठेच्या रस्त्यावर हे मिनिटामिनिटाला घडतं आणि मिळालेल्या विजेतली बरीचशी पडदा उजळवण्यातच खर्च होते. दुसरी अडचण याहून छुपी आहे. आजचे फोन एक-दोन अँपियर किंवा त्याहून जास्त ओढायला सोकावलेले असतात. डायनामोकडे अर्धाच. फोनने जास्त मागितलं की व्होल्टेज कोसळतं, फोन मागणी सोडतो, व्होल्टेज सावरतं आणि फोन पुन्हा मागणी करतो. काही फोन यातून समजुतीने कमी प्रवाहावर येतात. काही फोन तासन्‌तास असेच झटके खात राहतात आणि संध्याकाळी बॅटरी सकाळपेक्षा खाली गेलेली असते.

पॉवर बँक इथे उपयोगी पडते. तिला पडदा उजळवायचा नसतो, नकाशा दाखवायचा नसतो. वीज आली की घ्यायची, तुटली की थांबायचं. नळाला करंगळीएवढी धार असली, मधूनमधून ती तुटत असली, तरी रांजण रात्रीपर्यंत भरतो आणि मग त्यातून हवा तेवढा तांब्या बुडवून घेता येतो. पॉवर बँकेचं काम नेमकं तेच. दिवसा चाकाची बारीक, खंडित वीज साठवायची आणि रात्री तंबूत किंवा लॉजवर फोनला सलग, हव्या त्या जोराने द्यायची.

हा रांजण भरायला किती वेळ लागतो? पॉवर बँकेवर 10,000 एमएएच असं छापलेलं असतं. तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा, म्हणजे साठा 37 वॉट-अवर. भरताना थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून आत सुमारे 42 वॉट-अवर ओतावे लागतात. अडीच वॉटने ओतलं तर जवळजवळ 17 तास चाक फिरत ठेवावं लागेल. सफरीत माणूस दिवसाला पाच-सहा तास प्रत्यक्ष पायडल मारतो. म्हणजे मोकळ्या पॉवर बँकेला पूर्ण भरायला तीन दिवस. दिवसाची निव्वळ कमाई 12 वॉट-अवरच्या आसपास, फोनच्या बॅटरीच्या निम्म्याहून थोडी अधिक. महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे 1,000 वॉट-अवर. एका युनिटात अशी पॉवर बँक वीस-बावीस वेळा तरी भरून निघेल. घरी बटण दाबून ज्या विजेचा विचारही मनात येत नाही, तिची खरी किंमत इतक्या स्वच्छपणे सांगणारं दुसरं साधन सापडणं कठीण.

या कमाईत भागवायचं तर फोनलाही शिस्त लावावी लागते. पडदा सतत चालू ठेवून नकाशा पाहिला तर फोन दोन वॉटच्या आसपास खातो, म्हणजे डायनामो देतो ते जवळपास सगळंच. नकाशा आधी उतरवून घेऊन, फोन एअरप्लेन मोडवर टाकून, फक्त जीपीएसवर वाटेची नोंद ठेवली तर खप एकदम खाली येतो. हँडलवर बसवायचा सायकल कॉम्प्युटर अर्ध्या वॉटच्या आत काम करतो. लांबच्या वाटेवरचे अनुभवी लोक फोन खिशात ठेवून वाट दाखवण्याचं काम या छोट्या यंत्राकडे देतात, त्याचं हे एक कारण.

पायांवर याचा भार किती पडतो, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. भार पडतो, पण भीती वाटावी एवढा नाही. सामानासह आरामात जाणारा सायकलस्वार साधारण 100 वॉट शक्ती लावत असतो. चांगला हब डायनामो 3 वॉट वीज देताना त्यातले सुमारे 5 वॉट घेतो. सपाटीवर ताशी 20 चा वेग त्याने अर्ध्या किलोमीटरनेही कमी होत नाही. टायरला घासणारा डायनामो तेवढ्याच विजेसाठी अनेकदा दुप्पट ओढ लावतो.

खरी परीक्षा सपाटीवर नसते. महाराष्ट्रातल्या सफरींचा आवडता रस्ता घ्या: अलिबागहून रेवदंडा, मुरूड, मग आगरदांड्याहून तरीने दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोट, दापोली, दाभोळची तर ओलांडून गुहागर, पुढे जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि तळकोकण. नकाशावर हा समुद्रकिनारा दिसतो म्हणून सपाट वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीनंतर रस्ता सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा पाण्याच्या पातळीला उतरतो. चढावर भरलेली सायकल ताशी 6-7 ने जाते. बहुतेक चार्जरना उपयोगी वीज देण्यासाठी ताशी 10-12 तरी लागतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या चढात पॉवर बँकेत जवळजवळ काहीच जात नाही. माथ्यावरून सायकल ताशी 40 ने सुटते तेव्हा वीज मिळते, पण तो उतार पाच मिनिटांत संपतो आणि त्या पाच मिनिटांतही प्रवाह अर्ध्या अँपियरपाशीच अडलेला असतो. चढात गमावलेलं उतारात भरून निघत नाही. म्हणून दिवसाचा सरासरी वेग 13 असला तरी कमाई ताशी 13 च्या हिशोबाने येत नाही, त्याहून बरीच खाली राहते. विजेचा हिशोब किलोमीटरवर करण्याऐवजी चाक पुरेशा वेगाने फिरलं त्या तासांवर करावा.

उलट पुणे-बंगळूर महामार्गावर हुबळीपासून दावणगिरी, चित्रदुर्गपर्यंतचा पठारी पट्टा डायनामोला फार मानवतो. तिथे ताशी 20 चा वेग तासन्‌तास टिकतो. कन्याकुमारीला निघालेल्या सायकलस्वाराची पॉवर बँक याच पट्ट्यात भरते.

मग कोकणात डायनामो न्यावा का? चार्ज करण्यापुरता विचार केला तर गरज नाही, असंच स्पष्ट म्हणावं लागेल. तिथे रोज रात्री घरगुती खानावळ किंवा लॉज मिळतो आणि भिंतीवरच्या सॉकेटला साधा 10 वॉटचा चार्जर दीड तासात डायनामोची दिवसभराची कमाई देऊन टाकतो. जेवायला थांबलेल्या वेळातच काम होतं. डायनामोची किंमत कळते ती सलग तीन-चार रात्री सॉकेट मिळणार नाही अशा वाटेवर. मनाली-लेह रस्त्यावर बारालाचा ला ओलांडून सरचू, पुढे गाटा लूप्सची 21 वळणं, नकी ला, लाचुंग ला आणि पांग. या पट्ट्यात मुक्काम तंबूंत असतो आणि वीज जनरेटरवर, तीही ठरावीक वेळ. चढाच्या दिवशी डायनामो तिथेही फारसं देत नाही. पण पांगनंतर मोरे मैदान लागतं. साडेचार हजार मीटरहून उंचावरची चाळीसेक किलोमीटरची ती जवळजवळ सपाट वाट वाऱ्याची साथ मिळाली तर पॉवर बँकेला चांगला हात देते.

दुसरी जागा ब्रेव्हेची. ठरलेल्या वेळात 200 ते 600 किलोमीटर आणि त्याहून लांब अंतर कापण्याच्या या उपक्रमांना महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नाशिकसह अनेक शहरांतून मोठा प्रतिसाद मिळतो. 600 किलोमीटरसाठी 40 तास असतात, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी 15. त्यांची पंढरी म्हणजे दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, 1,200 किलोमीटर आणि जास्तीत जास्त 90 तास. तिथे मुक्कामच नसतो, त्यामुळे रात्रभर सॉकेटला लावून ठेवण्याची सोयही नसते. रात्री हबची सगळी वीज पुढच्या-मागच्या दिव्याला, उजाडलं की एका बटणावर पॉवर बँकेला, अशी विभागणी तिथे केली जाते. दोन्ही एकदम चालू ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. 3 वॉट वाटून घेतले की रस्ताही नीट दिसत नाही आणि बँकही भरत नाही. अनोळखी रस्त्यावरच्या अंधारात दिव्याचा मान पहिला.

पॉवर बँक निवडताना दुकानदार दाखवतो त्या जाहिरातीच्या आकड्यांचा इथे फारसा उपयोग नाही. 20,000 एमएएचची जलद चार्ज होणारी बँक डायनामोला जोडली तर ती भरायला आठवडा जाईल, आणि कित्येकदा ती इतक्या बारीक प्रवाहाला दादच देत नाही. अर्ध्या अँपियरवर शांतपणे भरून घेणारी, वीज तुटून परत आली की बटण न दाबता पुन्हा भरू लागणारी साधी बँक जास्त कामाची. भरत असतानाच दुसऱ्या तोंडातून वीज देणाऱ्याही असतात. पण एक मोठी घेण्यापेक्षा 5,000 च्या दोन घेणं सर्वांत सुटसुटीत: एक हँडलच्या पिशवीत डायनामोवर भरत असते, दुसरी मागच्या पिशवीत फोनला भरवत असते. एक बिघडली तरी सफर अडत नाही. विमानाने जाणार असाल तर त्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, 100 वॉट-अवरच्या मर्यादेत त्या सहज बसतात.

लिथियमच्या सेलला हवामानाचं मोठं वावडं. शून्य अंशाखाली तो चार्ज केला तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. लडाखमध्ये सप्टेंबरच्या पहाटे पारा सहज तिथे जातो. म्हणून बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावी आणि ऊन वर आल्यावरच डायनामोला जोडावी. विदर्भातल्या मे महिन्यात अडचण नेमकी उलटी: 45 अंशांपुढे चार्ज करणंही सेलला घातक, आणि काळ्या कापडाच्या पिशवीत ऊन लागून तापमान त्याहून वर जातं. पांढरट पिशवी, किंवा दुपारी सरळ पिन काढून ठेवणं, हा सोपा उपाय. कोकणातला शत्रू खारा दमट वारा. यूएसबीच्या उघड्या तोंडात पाणी गेलं आणि वीज चालू असली की धातूचे बारीक पत्रे गंजून झिजतात. रबराचं झाकण आणि बँक पिशवीच्या आत, एवढी काळजी घेतली तर पावसातही काम चालतं.

आपल्याकडे हब डायनामो बसवलेली सायकल दुकानात सहसा मिळत नाही. हब वेगळा मागवावा लागतो आणि पुढचं चाक नव्याने बांधून घ्यावं लागतं. स्पोकची लांबी बदलते, कारण डायनामोचा हब जाड असतो. गावातल्या जुन्या, आऊट काढण्यात हात बसलेल्या सायकलवाल्याकडे हे काम द्यावं, घाईत करून घेऊ नये. चिमट्यावरून वर जाणारी तार ब्रेक आणि स्पोकपासून लांब, पट्ट्यांनी नीट बांधलेली हवी. आणि सफरीच्या आधी काही शे रुपयांचं यूएसबी मीटर मध्ये लावून नेहमीच्या रस्त्यावर एक दिवस पूर्ण सामानासह फिरून यावं. ते मीटर वॉट-अवर दाखवतं. संध्याकाळी त्यावर 12 दिसले तर वर मांडलेला हिशोब लागू पडतो. 6 दिसले तर तार, चार्जर किंवा रस्त्याचा चढ यांपैकी कोण वीज खातंय ते घरीच शोधता येतं.